हाड सापडलं की लगेच नवी जात? (फ्लोरेसच्या बुटक्यांवरून)

गोदाकाठची_मास्तरीण
काल इथे एकांनी लिहिलं, "दर दोन वर्षांनी कुठल्यातरी गुहेत एक दात सापडतो आणि हे लोक मानवाची नवी जात जाहीर करतात. फ्लोरेसचा बुटका म्हणजे कुणीतरी आजारी माणूस. बाकी सगळी प्रसिद्धी." खाली अंगठ्यांचा पाऊस! अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते मी. पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून लिहितेय, कारण राहवत नाही.

पहिलं म्हणजे तो बुटका नव्हे, बुटकी. २००३ मध्ये इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लियांग बुआ गुहेत मिळाली. उंची जेमतेम १ मीटर ६ सेंटीमीटर, मेंदू ४०० घन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या तिसऱ्या हिश्शालाही पुरत नाही. आणि ती एकटी नाही, त्याच गुहेत आणखी काही जणांची हाडं निघाली, तीही अशीच लहानखुरी. सगळेच आजारी होते का?

दुसरं, मनगट. आपल्या मनगटातलं एक चिमुकलं हाड बुटाच्या आकाराचं असतं. तिचं पाचरीसारखं आहे, चिंपांझीचं असतं तसं. हे २००७ मध्येच छापून आलंय. डोकं लहान राहण्याच्या आजाराने मनगटाचं हाड असं बदलत नाही.

आणि हा 'आजारी' शेराही जुनाच. १८५६ मध्ये निअँडरथल या प्राचीन मानवाची हाडं मिळाली, तर पुढे फिरशोसारख्या बड्या डॉक्टरने ठरवलं होतं, लहानपणी मुडदूस आणि म्हातारपणी संधिवात झालेला माणूस. झालं!

निफाडचा_बागवान
मॅडम, ते लिहिणारा मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

मी शास्त्र शिकलेलो नाही, पण तीस वर्षं द्राक्षबाग करतोय. एका घडातले दोन मणी सारखे नसतात. सावलीतल्या वेलीचा घड वेगळा, बांधाकडच्या ओळीतला वेगळा. जीएचं डिपिंग केलं, म्हणजे घड वाढीच्या संजीवकात बुडवला, की तोच मणी लांबोडका होतो. उद्या कुणी माझ्या बागेतले चार मणी उचलून नेले तर चार जाती जाहीर करेल.

आता अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नर्सरीवाल्याने "नवीन व्हरायटी, परदेशी मालाला टक्कर" म्हणून दीडपट भावात काड्या गळ्यात मारल्या. डॉगरीजच्या खुंटावर कलमं केली, दोन वर्षं पोरासारखी जपली. पहिला बहार आला, घड हातात घेतला, मणी चावला. थॉमसन! साधी थॉमसन! फोन केला तर म्हणतो, "दादा, हवामानाने फरक पडतो." तेव्हापासून कुणी 'नवीन जात' म्हटलं की माझा हात खिशावर जातो.

पंचवटीचा_शंकासुर
बागवानभाऊंशी सहमत. जॉर्जियात द्मानिसीला एकाच जागी पाच कवट्या मिळाल्या, साधारण १८ लाख वर्षांपूर्वीच्या. एकमेकींपासून इतक्या वेगळ्या की सुट्या सुट्या देशांत मिळाल्या असत्या तर त्यांच्या तीन जाती झाल्या असत्या. २०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी सुचवलं, एकच जात धरा. मॅडम याबद्दल गप्प.

आणि चीनमधली हार्बिनची कवटी? २०२१ मध्ये वाजतगाजत बारसं केलं, होमो लोंगी, ड्रॅगन मॅन. २०२५ मध्ये दातावरच्या किटणातून डीएनए काढला, तर निघाला डेनिसोवन! सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतला प्राचीन मानव, जो २०१० पासून माहीत आहे तोच.

गोदाकाठची_मास्तरीण
गप्प नाही, एका वेळी एकच विषय मांडत होते. हार्बिनचा मुद्दा तुमचा, घ्या. पण त्यातून जात खोटी ठरली नाही, नावाचा घोळ झाला. माणसं खरीच वेगळी होती, फक्त त्यांना आधी नाव नव्हतं, नुसतं गुहेचं नाव लावलेलं.

बागवानदादा, तुमचा नर्सरीवाला चोर होता, मान्य. पण एका चोरामुळे द्राक्षाच्या जातीच नसतात असं होतं का?

तासगावचा_पाव्हणा
मधेच बोलतो, राग नसावा. नाशिकवाल्यांनी जातींवर बोलावं म्हणजे कमालच. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात आमच्या तालुक्यातली. तुम्ही लावायची आणि बोर्डावर 'नाशिकची द्राक्षं' लिहायचं.

निफाडचा_बागवान
पाव्हणं, तास-ए-गणेश थॉमसनमधूनच निवडलेली. काडी वेगळी काढली, नाव दिलं, बास. माझं म्हणणं तेच तर आहे!

तासगावचा_पाव्हणा
नुसतं नाव दिलं? आमच्या माणसांनी हजारो वेलींतून तो एक वेल हेरला. तुमच्याकडे नजर लागते ती फक्त कंटेनर कधी निघतो त्याची.

निफाडचा_बागवान
कंटेनरचं नाव काढू नका. दोन वर्षांमागे व्यापारी माल उचलून गेला तो गेलाच, फोन बंद. सहा लाख. सांगलीत व्यापारी फार सज्जन असतील तर पाठवा इकडे एखादा.

तासगावचा_पाव्हणा
आमच्याकडचेही तसलेच. म्हणून तर निम्मा माल आम्ही बेदाण्याला टाकतो. शेडवर वाळवायचा, स्टोअरेजला ठेवायचा, भाव आला की काढायचा.

शब्दांचा_कारकून
मूळ मुद्द्यावर या. आणि कृपया 'प्रजाती' लिहू नका. विश्वकोशात जाती हा खालचा गट आणि प्रजाती त्याच्या वरचा. वर्तमानपत्रांनी उलटंपालटं करून ठेवलंय. मॅडमनी 'जाती' लिहिलं याबद्दल आभार.

पंचवटीचा_शंकासुर
प्रजाती इथे कुणी लिहिलंय?

शब्दांचा_कारकून
लिहितील.

सिन्नरकर_७७
इतके दिवस नुसतं वाचत होतो. 'आजारी होता' हे किती सहज लिहिता राव.

माझ्या थोरल्या भावाचं डोकं जन्मापासून लहान. चाळीस वर्षं जगला. शर्टाची बटणं आई लावायची, नंतर मी लावायचो. वरच्या बटणाला त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून ते आम्ही कायम उघडं ठेवायचो. फार गोड होता, पण भाकरीसुद्धा कुणी तुकडे करून दिल्याशिवाय खायचा नाही. त्या गुहेत दगडाची हत्यारं मिळालीत, बुटक्या हत्तीची हाडं मिळालीत, त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ते लोक शिकार करत होते किंवा निदान मेलेला हत्ती सोलत तरी होते. माझा भाऊ हे करू शकला नसता. त्याच्या आजाराचं नाव घेऊन यांना उडवून लावू नका. त्याचाही अपमान, त्यांचाही.

निफाडचा_बागवान
दादा, माफ करा. असं मनात नव्हतं.

पंचवटीचा_शंकासुर
वाईट वाटलं वाचून. पण एका घरचा अनुभव हा पुरावा होत नाही. सगळ्याच रुग्णांची अवस्था सारखी नसते.

सिन्नरकर_७७
आणि एका घडातले मणी पुरावा होतात वाटतं?

गोदाकाठची_मास्तरीण
शंकासुर, जरा वेळ-काळ बघत जा.

आजाराचं म्हणणं ज्याने गाडलं तेही सांगते. त्याच बेटावर माता मेंगे नावाची जागा आहे. तिथे २०१६ मध्ये जाहीर झालेला जबडा आणि दात सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचे, आणि लियांग बुआच्या बुटकीपेक्षाही किंचित लहान. लियांग बुआची हाडं १ लाख ते ६० हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे सहा लाख वर्षं एका बेटावर एकच आजार पिढ्यान्पिढ्या? डिपिंग करून मणी लांबतो, दादा, पण पुढच्या छाटणीनंतर डिपिंग केलं नाही तर?

निफाडचा_बागवान
तर पुन्हा गोल. मूळ गुण जात नाही. (हे तुम्ही मुद्दाम विचारलंत.)

पंचवटीचा_शंकासुर
चला, फ्लोरेस सोडतो. पण मग डेनिसोवा गुहेत जिचं हाड मिळालं ती मुलगी? आई निअँडरथल, बाप डेनिसोवन, २०१८ मध्ये छापलंय. आपल्यातही निअँडरथलचा एक-दोन टक्के डीएनए आहे. बारावीच्या पुस्तकात तुम्हीच शिकवता ना, ज्यांची संतती प्रजननक्षम ती एक जात? मग या तीन जाती कशा?

गोदाकाठची_मास्तरीण
हा प्रश्न मुलंही विचारतात आणि दरवर्षी माझी पंचाईत होते. पुस्तकातली व्याख्या जिवंत प्राण्यांपुरती बरी, आणि तिथेही पुरी पडत नाही. लांडगा आणि कोयोट (अमेरिकेतला त्याचा लहान भाऊबंद) यांचीही पिल्लं होतात, म्हणून कुणी त्यांना एक म्हणत नाही. पण हो, रेघ कुठे मारायची यावर भांडायला जागा आहे. मिळालं समाधान?

पंचवटीचा_शंकासुर
लेखी दिलंत, पुरे.

गंगापूररोडकर
आपल्याकडचं कुणीच बोललं नाही. गंगापूरला गोदावरीकाठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली, वापरणाऱ्याचं हाड मात्र नाही. भारतात प्राचीन कवटी म्हणाल तर १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोऱ्याला मिळालेली, तीही अर्धवट. सोनाकियांनी ती होमो इरेक्टस या जुन्या जातीची ठरवली, पुढे इतरांनी पुरातन सेपियन्सकडे, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या रूपाकडे, सरकवली.

तासगावचा_पाव्हणा
सोनाका? ती सोलापूरची, नान्नजची. नर्मदेकाठची कधीपासून झाली?

गंगापूररोडकर
सो-ना-कि-या. अरुण सोनाकिया. भूवैज्ञानिक. द्राक्ष नव्हे.

निफाडचा_बागवान
😂 मॅडम, त्या मनगटाच्या हाडाचा फोटो असेल तर टाका, पोराला दाखवतो. फ्लोरेस मान्य. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या नव्या जातीचं मात्र नाही, हाडा-दातांच्या तेरा तुकड्यांवर अख्खी जात म्हणजे फारच झालं.

आणि पाव्हणं, सोनाकासुद्धा थॉमसनच.

तासगावचा_पाव्हणा
हे नान्नजला येऊन बोला.