धाकटं अंगावर, थोरलं पळतंय
धाकट्या बाळाला अंगावर घेऊन वावरायला रॅप (अंगाभोवती गुंडाळून बांधायचं लांब कापड) घ्यावा की बकलवालं कॅरिअर (पट्टे-बकल लावायची तयार झोळी), असं तू विचारलंयस. आधी थोरल्याचा विचार कर. तो दोन वर्षांचा, म्हणजे पळणार आणि तुला त्याच्यामागे धावावं लागणार. स्ट्रेची, म्हणजे ताणणाऱ्या कापडाचा रॅप तान्ह्या बाळाला छान, पण नीट बांधायला वेळ लागतो. माझी युक्ती म्हणजे सकाळीच तो बांधून ठेवायचा आणि बाळाला लागेल तसं आत-बाहेर करायचं. रिंग स्लिंग (कड्यांतून ओवून एका खांद्यावर घ्यायचं कापड) पटकन चढते, पण सगळा भार एका खांद्यावर येतो. बकलवालं घेणार असशील तर किमान वजन बघ. बऱ्याच कॅरिअरना ते ३.२ ते ३.६ किलोच्या आसपास असतं आणि काहींना नवजातासाठी आत घालायची वेगळी गादी (इन्सर्ट) लागते.

कुठलंही घे, बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, नाक-तोंड मोकळं हवं. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, श्वास अडतो. गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर. मान धरेपर्यंत तोंड बाहेर करून बसवायचं नाही.

आणि थोरल्याचं खेळणं उचलताना कमरेत वाकू नकोस, गुडघे वाकवून खाली बस. मी पहिल्याच आठवड्यात विसरले होते, एक हात झटकन बाळाच्या डोक्यामागे गेला म्हणून बरं. स्वयंपाक मात्र बाळ अंगावर घेऊन नकोच.