पेन ड्राइव्ह लावायच्या आधी बिटलॉकर बघा

विंडोजचा पासवर्ड विसरला तर काय करायचं, यावर "पेन ड्राइव्हवरनं बूट करा, पासवर्ड उडवा, पाच मिनिटांचं काम" असं वर एकानं लिहिलंय. जुन्या मशीनला चालतं ते. पण विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलेलं असलं, की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क न विचारता बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्याच कुलपानं, एन्क्रिप्ट झालेली असते. मग पेन ड्राइव्हवरनं लॅपटॉप चालू (बूट) केला तरी आतली डिस्क कुलूपबंदच दिसते. त्यात बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमवरनं बूट होऊ न देणारी सोय, बंद केलीत, तर पुढच्या खेपेला लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

राजारामपुरीत मावसभावाच्या लॅपटॉपवर मी नेमकं हेच करून बसलो. ती रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण अकाउंट कुणाचं? घेताना दुकानातल्या पोरानं "सेटअप करून देतो की ओ" म्हणत स्वतःच्याच ईमेलवर उघडलेलं! दोन दिवस हेलपाटे घातल्यावर त्यानं फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले. मी ते बिलाच्या मागं लिहून घेतले, तरी एका सातचा एक झालाच.

अकाउंट लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टला न जोडलेलं, फक्त त्या लॅपटॉपवरचं असेल तर चुकीचा पासवर्ड टाकून बघा, खाली रीसेटचा पर्याय येतो. सेटअपवेळी दिलेली तीन प्रश्नांची उत्तरं आठवली तर पेन ड्राइव्ह लागतच नाही.