घरी प्रोजेक्टर बनवतोय, कोपरे अंधारे पडतायत आणि पॅनल तापतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या घरी प्रोजेक्टर बनवायचं खूप दिवस डोक्यात होतं, आता डबा उभा राहिलाय, भिंतीवर चित्रही येतंय, पण दोन-तीन ठिकाणी गाडी अडलीये म्हणून हा धागा. कृपया रेडिमेड घ्या असं सांगू नका, मला असाच प्रोजेक्टर हवाय ज्याचा दिवा गेला तर मी स्वतः बदलू शकेन आणि आत काय चाललंय ते मला कळेल.

सेटअप असा आहे. ७ इंची फुल एचडी एलसीडी पॅनल, चित्राचा भाग १५५ बाय ८७ मिमी, त्याची बॅकलाइट आणि मागच्या सगळ्या शीट्स काढल्यात, नुसती काच उरलीये. मागे १०० वॉटचा सीओबी एलईडी (एकाच पाटीवर अनेक चिप्स असलेला), त्याला ठराविक करंट देणारा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, थंड करायला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तो हीटसिंक आणि पंखा. एलईडीच्या तोंडावर ६० अंशांचं काचेचं भिंग आहे. मग १३० मिमी फोकल लेन्थची फ्रेनेल शीट (गोल खाचा असलेलं पातळ, सपाट भिंग), मग पॅनल (उलटं बसवलंय, म्हणजे भिंतीवर सुलटं दिसतं), मग २२० मिमीची दुसरी फ्रेनेल आणि शेवटी २०० मिमीची ट्रिप्लेट (तीन काचांची) प्रोजेक्शन लेन्स. दोन्ही फ्रेनेलची खाचांची बाजू पॅनलकडे आहे. ८० इंची चित्रासाठी हिशोब केला तर मोठं होण्याचं प्रमाण साधारण ११.४ पट येतं, म्हणजे लेन्सपासून पॅनल २१७ मिमी आणि पडदा जवळजवळ अडीच मीटर, आणि तिथे खरंच फोकस लागतो, अक्षरं कडेपर्यंत वाचता येतात.

आता अडचणी. मधला भाग छान उजळ पण चारही कोपरे काळवंडलेले, सिनेमात रात्रीचा सीन आला की कोपऱ्यात काहीच दिसत नाही. दुसरं, थोडा वेळ चालवलं की पॅनलच्या मधोमध काळसर डाग येतो, बंद करून गार होऊ दिलं की जातो. उष्णता अडवणारी काच मध्ये टाकावी का? आणि पडदा पांढरा करावा की राखाडी, यावर जिथे वाचावं तिथे वेगळंच सांगतात. एलईडी आणखी मोठा घ्यायची माझी तयारी आहे पण आधी आहे तो उजेड कुठे वाया जातोय ते समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:

एलईडी मोठा घेऊ नका, कोपरे तसेच राहतील आणि पॅनल जास्त तापेल. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. ६० अंशांचं भिंग म्हणजे मधल्या रेषेपासून ३० अंश, १३० मिमी अंतरावर त्या प्रकाशाच्या वर्तुळाची त्रिज्या होते ७५ मिमी. तुमच्या पॅनलचा कोपरा मध्यापासून ८९ मिमीवर आहे, म्हणजे कोपऱ्यापर्यंत उजेड नीट पोचतच नाहीये. एकतर ९० अंशांचं भिंग लावा (बराच उजेड बाहेर सांडेल) किंवा मागची फ्रेनेल १६० मिमीची घ्या.

अजून एक, अंतर चिपपासून टेपने मोजून १३० ठेवलं असेल तर तेही तपासा. काचेच्या भिंगामुळे प्रकाश जिथून येतोय असं फ्रेनेलला वाटतं ती जागा चिपच्या मागे सरकते, त्यामुळे प्रत्यक्षात एलईडी थोडा पुढे घ्यावा लागतो. तपासायला पॅनल बाजूला काढा आणि प्रोजेक्शन लेन्सच्या जागी पांढरा कागद धरा (गडद चष्मा घाला, थेट एलईडीकडे बघू नका). कागदावर एलईडीचा पिवळसर पांढरा ठिपका पडेल, तो सगळ्यात लहान आणि लेन्सच्या काचेच्या आत मावेल असा होईपर्यंत एलईडी मागेपुढे करा.

प्रतिसाद:

उष्णतेचं मी सांगतो. पांढऱ्या एलईडीतून इन्फ्रारेड जवळजवळ येतच नाही, त्यामुळे ती काच इथे काही कामाची नाही, हॅलोजन दिव्याला ती लागते. पॅनल तापतंय ते शोषलेल्या उजेडामुळे, मागचा पोलरायझरच (काचेवरची, प्रकाशाची एकच दिशा पुढे सोडणारी फिल्म) निम्म्याहून जास्त उजेड खातो. डाग गार झाल्यावर जातोय म्हणजे लिक्विड क्रिस्टल (काचेतला चित्र घडवणारा पदार्थ) तेवढ्यापुरता वितळतोय, अजून वेळ गेलेली नाही, पण पोलरायझर पिवळा पडला तर तो परत येत नाही. पॅनल आणि फ्रेनेल यांच्यात दोन्ही बाजूंना दोनेक सेंटिमीटर फट ठेवा आणि हवा त्या फटीतूनच वाहील असा पंखा लावा. फट ठेवल्याने फ्रेनेलच्या गोल खाचाही पडद्यावर दिसत नाहीत.

आणि काढून टाकलेल्या शीट्स फेकल्या नसतील तर एकेक उचलून बघा. काही बॅकलाइटमध्ये आरशासारखी चकचकणारी एक फिल्म असते, चालू असलेल्या एलसीडीसमोर धरून फिरवली की एका दिशेला काळोख होतो. ती रिफ्लेक्टिव्ह पोलरायझर. मागच्या फ्रेनेलनंतर, पॅनलपासून लांब बसवा आणि चित्र सगळ्यात उजळ दिसेल त्या कोनात ठेवा. नको असलेला उजेड ती मागे परतवते, पॅनलवरचा भार बराच उतरतो.

पडदा मॅट पांढराच करा. राखाडीने काळा रंग खुलतो पण उजेडही कमी होतो आणि एलसीडी काचेतून आरपार येणारा उजेड मुळातच दहा टक्क्यांच्या आत असतो. लाकडी चौकटीवर ब्लॅकआउट कापड ताणून बसवा, कडेला काळी पट्टी. ८० ऐवजी ६० इंच केलंत तर त्याच उजेडात चित्र पावणेदोन पट उजळ दिसेल, मी तेच करेन.

धागाकर्ता:

९० अंशांचं भिंग लावलं आणि एलईडी पुढे घेतला, कोपरे उघडले! दोघांचेही मनापासून आभार. शीट्स जपून ठेवल्यात, ती चकचकीत फिल्म त्यात सापडली. एकच राहिलं, डबा खाली टेबलावर आहे म्हणून तिरका केला की चित्र वरून रुंद आणि खालून अरुंद होतं.

प्रतिसाद:

डबा तिरका करू नका, सरळच ठेवा आणि फक्त लेन्स वर सरकवा. तुमच्या ८० इंचाच्या हिशोबाने लेन्स ३ सेंमी वर गेली तर चित्र साधारण ३७ सेंमी वर जातं आणि चौकोन चौकोनच राहतो. पुढची फ्रेनेलही तितकीच वर घ्या, नाहीतर उजेड लेन्समध्ये शिरणार नाही आणि खालचा किंवा वरचा भाग परत अंधारेल.