गाडीतलं नेव्हिगेशन घ्यावं की मोबाईलच पुरे?

गंगापूररोडकर:
नवीन गाडी घेतोय. कंपनीचं नेव्हिगेशन असलेलं मॉडेल बरंच महाग आहे. घरचे म्हणतात, हातात मोबाईल असताना कशाला? माझं मत, घ्यावंच. कसारा घाटात रेंज जाते, उन्हाळ्यात काचेपाशी ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि नेमका वळणावर कुणाचा तरी कॉल येतो.

सिडकोवाला:
दादा, रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही. ते थेट उपग्रहांकडून येतं, त्याला सिमसुद्धा लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. निघण्याआधी घरच्या वायफायवर ठाण्यापर्यंतचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, घाटात काही अडणार नाही. उलट माझ्या २०१९च्या गाडीला समृद्धी महामार्ग नीट माहीतच नाही. इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला, तिच्या नकाशात तिथे अजून शेतंच आहेत. अपडेटचा खर्च विचारला आणि नाद सोडला.

पंचवटीकर:
पण इगतपुरीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रह कुठून दिसणार? चांगल्या गाडीतली सिस्टीम चाकांचा वेग मोजून आपली जागा ओळखत राहते.

सिडकोवाला:
बोगद्यात वळायचंय कुठे? खरा घोळ आपल्या नाशिकच्या हायवेच्या उड्डाणपुलावर होतो. गाडी वर आहे की खाली, हे मोबाईलला कळत नाही. पुलाखालच्या द्वारका चौकात जायचं होतं, मी पुलावर चढलो आणि तो खालचीच वळणं सांगत बसला. तेवढं मान्य.

नाशिकरोडची ताई:
तुम्ही दोघं नजरेचं बोलतच नाही आहात. ऑक्टोबर २०२०पासून नियमात मोबाईल फक्त रस्ता बघण्यापुरता चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. वणीच्या गडाच्या वळणांवर मांडीवरच्या फोनकडे बघणारे ड्रायव्हर पाहिलेत मी, जीव थरथरतो. स्टँड घ्या, आवाज चालू ठेवा. नाहीतर केबल जोडून फोनचाच नकाशा गाडीच्या स्क्रीनवर आणा. त्यासाठी महागडं मॉडेल लागत नाही.

सिडकोवाला:
ताईंना दुजोरा. शिवाय सिंहस्थ कुंभमेळ्यात रस्ते रोज वळवतील. ते जुन्या नकाशाला कसं कळणार?

गंगापूररोडकर:
आणि पर्वणीच्या गर्दीत नेटवर्कच कोलमडलं तर? केबलचा उपाय पटला, स्क्रीनवाली साधी गाडी बघतो. पण नकाशा गाडीत असावा, हे माझं म्हणणं कायम आहे.