मदत हवी आहे: म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण माध्यम-सिद्धांतांच्या आधारे कसं करावं?

शिकाऊ_प्रेक्षक
१५०० शब्दांचा निबंध लिहायचाय. व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा, निम्मं बँडचं वादन, निम्मी गोष्ट. गुडविन, मल्वी, बार्थ, हॉल हे माध्यम-अभ्यासक वाचलेत, पण मसुद्यात नुसतं वर्णन आलंय आणि मध्येमध्ये ही नावं चिकटवल्यासारखी वाटतात. सुरुवात कुठून करू? गायिकेचे क्लोजअप भरपूर आहेत, त्यावरून 'मेल गेझ' (म्हणजे पडद्यावरच्या बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघणं) लिहिलं तर चालेल का?

कटपट्टी
चौघांना कोंबू नका, दोघं पुष्कळ झाले. आधी शॉटचा तक्ता करा: वेळ, फ्रेममध्ये काय, कॅमेरा, गाण्याची ओळ, आणि त्या क्षणी वाद्यं काय करतायत. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि घोडं तिथेच पेंड खातं.

अँड्र्यू गुडविनच्या १९९२ च्या मांडणीत चित्र गाण्याचा अर्थ दाखवतं, वाढवतं किंवा त्याच्याशी फारकत घेतं. ओळीत पाऊस नाही, पडद्यावर आहे, की लोक लगेच 'फारकत' लिहून मोकळे! पण चित्र शब्दांशी जुळत नसलं तरी ड्रमशी जुळत असू शकतं. गाणं १२० बीपीएमचं (म्हणजे मिनिटाला १२० ठोके) असेल तर ठोका अर्ध्या सेकंदाला पडतो, चार ठोक्यांचा बार २ सेकंदांचा. कडव्यात कट दर बारला आणि ध्रुवपदात दर ठोक्याला पडत असेल, तर चित्र संगीताला जोर देतंय, शब्द काही का म्हणेनात. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे.

तिरकस_नजर
नुसत्या क्लोजअपवर मेल गेझ ठरत नाही. चेहरा ओळखीचा व्हावा हे रेकॉर्ड कंपनीलाही हवंच असतं.

लॉरा मल्वीचा १९७५ चा निबंध हॉलिवूडच्या कथापटांवर आहे. त्यात नजरा तीन: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची, पात्रांची एकमेकांकडे. पहिल्या दोन झाकल्या जातात, म्हणून प्रेक्षक पात्राच्या नजरेने बघतो. म्युझिक व्हिडिओत मात्र गायिका थेट लेन्समध्ये बघून गाते, म्हणजे ते झाकणच उघडतं. तेव्हा दोन्ही भाग वेगळे तपासा. गोष्टीत आधी बघणारा पुरुष, मग ती, असा शॉटक्रम आहे का? ओठ, कंबर, पाय असे तुकडे दिसतात का? आणि वादनात ती उलट बघते का, की तिथेही नजर खाली? दोन भागांत फरक सापडला, तर निबंधाचा मुद्दा तोच.

शिकाऊ_प्रेक्षक
हे पटलं. मग हॉल आणि बार्थ?

कटपट्टी
हॉलच्या तीन वाचनांना, म्हणजे प्रभावी (बनवणाऱ्याला हवा तो अर्थ मानणारं), तडजोडीचं (थोडा मानणारं, थोडा नाकारणारं) आणि विरोधी (तो नाकारणारं), खरे प्रेक्षक लागतात. प्रतिक्रिया तपासणार नसाल तर त्याला वगळा. 'प्रेक्षकांना असं वाटतं' हे तुमचंच मत ठरेल. बार्थ, म्हणजे खुणांमधून अर्थ कसा घडतो हे बघणं, एकाच शॉटपुरता ठेवा. समजा गायिकेमागे लाल पडदा आहे. आधी दिसतं तेवढंच लिहा: कापड, रंग, प्रकाश कुठून. मग त्यातून काय सुचतं ते. मग तो अर्थ पक्का करणारी दुसरी खूण व्हिडिओतच दाखवा. ती सापडत नसेल तर लाल म्हणजे धोका की प्रेम या वादात पडू नका, दुसरा शॉट घ्या.