अपेंडिक्सचं ऑपरेशन : आधी नीट तपासा की आधी कापा?

दांडियाबाजारकर:
उजवीकडे खाली पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफीसुद्धा न करता त्याच रात्री ऑपरेशन, हे बडोद्यात तरी थांबायला हवं. माझ्या भाचीचं असंच झालं, हॉस्पिटलचं नाव नको, पण काढलेलं अपेंडिक्स रिपोर्टमध्ये नॉर्मल आलं आणि दुखणं निघालं ओव्हरीतल्या सिस्टचं. अपेंडिक्स असण्याची शक्यता किती हे मार्कांवर सांगणारा अल्वाराडो स्कोर १९८६ पासून आहे. बेंबीजवळचं दुखणं सरकून उजवीकडे गेलं का, भूक गेली का, उलटी, ताप, उजवीकडे खाली दाबलं की दुखतं का, दाबून हात पटकन उचलला की कळ येते का, पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या न्यूट्रोफिल वाढल्यात का, सगळं मिळून १० मार्क. रक्ताची एक सीबीसी तपासणी आणि डॉक्टरचा हात, एवढंच लागतं!

सर्जरीवाला:
ताई, राग पटतो, पण फुटलेलं अपेंडिक्स बघितलंय का? पू पोटभर होतो, पेशंट महिनाभर उठत नाही. म्हणून तर पूर्वी शंभरात १५-२० नॉर्मल निघाले तरी सर्जनला कोणी दोष देत नसे. डभोई-पादऱ्याहून येणारा पेशंट आधीच दोन दिवस घरी गोळ्या खाऊन आलेला असतो, त्याला अजून किती थांबवू?

कारेलीबाग_आई:
मग सरळ सगळ्यांचा सीटी करा ना

सर्जरीवाला:
लहान मुलं, गरोदर बायका यांना उगाच रेडिएशन कशाला द्यायचं. आणि सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे अपेंडिक्स चांगलंच आहे असंही नसतं, गॅस असला किंवा ते आतड्यामागे दडलेलं असलं की दिसतच नाही.

दांडियाबाजारकर:
दोन दिवस अंगावर काढून आलेल्याला थांबवा असं मी म्हणतच नाहीये. ५-६ मार्क, म्हणजे धड हो ना नाही, असणाऱ्याला भरती करून सलाईन लावा, सहा-आठ तासांनी त्याच डॉक्टरने परत पोट बघावं, पांढऱ्या पेशींचा काउंट परत करावा. खरं अपेंडिक्स असेल तर तोवर दुखणं वाढतं, बाकीच्यांचं बरेचदा उतरतं. आणि स्कोर केस पेपरवर लिहा, घरच्यांना दाखवा.

सर्जरीवाला:
लिहू की. पण हा स्कोर बायकांमध्ये जास्तच मार्क देतो, नुसत्या आकड्यावर गेलो असतो तर तुमच्या भाचीचं ऑपरेशन तरीही झालं असतं.

दांडियाबाजारकर:
मग बाईमाणसाला सोनोग्राफी केल्याशिवाय टेबलावर घ्यायचंच नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. रेडिओलॉजिस्टला उठवा!