फ्रीझरमधल्या लिक्विड निकोटीनच्या बाटल्या: ठेवायच्या की काढायच्या?

गोखले_रोड (प्रश्न)

धाकटा दीर न्यू जर्सीहून कायमचा परत आलाय. त्याच्या सामानात व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, लिक्विडचा साठा आहे. २५० मिलीच्या दोन बाटल्या, लेबलवर ‘निकोटीन १०० मिग्रॅ प्रति मिली, पीजी’. एक प्लास्टिकची, सीलबंद. दुसरी काचेची, निम्मी वापरलेली, तिला रबरी ड्रॉपरचं बूच आहे. तिकडे सगळे असंच ठेवतात म्हणून त्यानं दोन्ही आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवल्यात. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे आणि फ्रिज तिला उघडता येतो. मुंबईतलं वन बीएचके, म्हणजे दुसरी जागा तरी कुठून आणायची!

विचारायचंय ते असं. हे फ्रीझरमध्ये खरंच टिकतं का, आणि अन्नाशेजारी चालतं का? घरात ठेवणं कायद्यात बसतं का? टाकायचं ठरलं तर कसं? दीर सोडायला तयार आहे, पण ‘हे संपलं की’ म्हणतोय.

द्रावण

टिकण्याचं नंतर बघू ताई, आधी हिशोब बघा. भरलेल्या एका बाटलीत २५ ग्रॅम निकोटीन आहे. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, तेव्हा एका थेंबात ५ मिग्रॅ. तंबाखू सोडण्यासाठी केमिस्टकडे मिळणाऱ्या २ मिग्रॅच्या अडीच निकोटीन गम एका थेंबात आल्या, आणि गममधलं तर निम्म्याच्या आसपासच अंगात जातं.

हा माल ‘बेस’ आहे. त्यात पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल), व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) मिसळून तो मिलीमागे ३, ६ किंवा १२ मिग्रॅपर्यंत पातळ केल्यावरच व्हेपमध्ये जातो. युरोपीय संघात २०१६च्या नियमांपासून ग्राहकाला २० मिग्रॅपेक्षा कडक लिक्विड किंवा १० मिलीपेक्षा मोठी रिफिल बाटली विकता येत नाही. फ्रीझरची पद्धत त्याच सुमारास पसरली. अमेरिकेत २०१६ मध्ये एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकानं, व्हेपला तंबाखूच्या नियमांखाली आणलं, तेव्हा पुढे माल मिळणार नाही या भीतीनं लोकांनी बेस लिटरनं घरात भरून ठेवला.

आता टिकण्याबद्दल. निकोटीन खराब होतं ते हवेतल्या ऑक्सिजननं, उजेडानं आणि उष्णतेनं. ताजं असताना ते पाण्यासारखं असतं, मग पिवळसर आणि पुढे तपकिरी होतं. उणे १८ अंशांवर ही क्रिया खूप मंदावते, एवढं तुमच्या दिराचं बरोबर आहे. पण त्यासाठी बाटली काचेची, गडद रंगाची, काठोकाठ भरलेली आणि घट्ट झाकणाची लागते. तुमच्याकडे उलटं आहे. काचेच्या बाटलीत निम्मी हवा आहे आणि ड्रॉपरचं रबर निकोटीनमुळे चिकट होऊन चिरतं. प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. त्यात मुंबईची हवा. पावसाळ्यात फ्रीझरमधली बाटली बाहेर काढून लगेच उघडली की आतल्या बाजूला दव धरतं, आणि पीजी, व्हीजी दोन्ही पाणी ओढून घेतात. म्हणून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नसते. रोज थोडं थोडं काढणारा माणूस इतकी वाट बघत नाही.

अन्नाशेजारी मात्र अजिबात नको. थंडीनं रबर आकसतं, बूच सैल पडतं, बाटली आडवी झाली की थेंब थेंब गळतं, आणि बर्फाच्या थरात ते दिसतही नाही. मटारची पिशवी हातात घेतली तर तोच हात तोंडाला जातो.

मुलीच्या संदर्भात एक आकडा सांगतो. जुन्या पुस्तकांत मोठ्या माणसाचा घातक डोस ६० मिग्रॅच्या आत दिलेला असतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रियातले औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी त्या आकड्याचा उगम तपासला आणि खरा डोस ५०० ते १००० मिग्रॅ, म्हणजे वजनाच्या किलोमागे साडेसहा मिग्रॅच्या पुढे असावा असं मांडलं. हा सौम्य आकडा धरला तरी १४ किलोच्या मुलाला ९१ मिग्रॅ होतात. तुमच्या बाटलीतलं १ मिलीसुद्धा लागत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं मूल लिक्विड निकोटीन पोटात जाऊन दगावलं, त्यानंतर तिथे मुलांना न उघडणाऱ्या झाकणाचा कायदा आला. ड्रॉपरचं साधं बूच त्या जातीचं नसतं.

आज रात्रीच दोन्ही बाटल्या फ्रीझरमधून काढा. हातात नायट्राइलचे मोजे घाला. बाटल्या उभ्याच झिपच्या जाड पिशवीत, पिशवी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा कपाटाच्या लॉकरमध्ये आणि किल्ली मोठ्यांकडे. वरचा कप्पा म्हणजे सुरक्षित असं समजू नका, स्टूल ओढता येणारं मूल ओट्यावरही चढतं.

औषधवाली

वरच्यांनी डोस सांगितला, मी अंगावर सांडल्यावरचं सांगते, कारण जास्त वेळा तेच होतं. बेसमधलं निकोटीन त्वचेतून आत जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं खुडणाऱ्यांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात त्याचं कारणही हेच.

हातावर सांडलं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली धरायचं, साबण लावायचा, आणि बराच वेळ धूत राहायचं. गरम पाणी नको, त्यानं त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो. भिजलेला कपडा आधी काढायचा, नाहीतर तो पट्टीसारखा औषध आत सोडत राहतो. अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली राहिलेलं लोक विसरतात. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून १५ मिनिटं पाण्याची धार, आणि मग थेट दवाखाना.

पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. दूध, मीठपाणी, लिंबू काहीही पाजू नका. झटका आला की तेच श्वासनलिकेत जातं. पहिली लक्षणं १५ मिनिटांपासून तासाभरात दिसतात: तोंडाला लाळ, चेहरा पांढरा, घाम, उलट्या, छातीत धडधड. नंतर चित्र उलटतं. नाडी मंदावते, हातपाय गळतात, मूल सुस्त होतं, श्वास अडतो. पहिल्या उलटीनंतर मूल शांत झालं म्हणून ‘बाहेर पडलं, बरं वाटतंय’ असं समजू नका. लक्षणं नसली तरी १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तुमच्या भागातून केईएम किंवा सायन. बाटली बरोबर न्या, डॉक्टरांना लेबलवरचा १०० हा आकडा लागतो. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-११६-११७, तो फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

कलम_आणि_पोटकलम

कायद्याचं. ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ला निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि तो त्याच १८ तारखेपासून लागू धरला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात बंद. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.

तुमच्याशी थेट संबंध साठवणुकीच्या कलमाचा. जागेच्या मालकानं किंवा ती वापरणाऱ्यानं तिथे जाणूनबुजून साठा ठेवू दिला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे माल दिराचा असला तरी प्रश्न घर ज्याचं त्यालाही विचारला जाईल. ओढण्याबद्दल वेगळी शिक्षा कायद्यात नाही, त्यावरून लोक ‘घरापुरतं चालतं’ असा अर्थ काढतात. आरोग्य मंत्रालयाची भूमिका मात्र अशी की कुठल्याही स्वरूपात आणि कितीही प्रमाणात ई-सिगारेट जवळ बाळगणं हे उल्लंघनच आहे.

‘कायद्यातली व्याख्या उपकरणाची आहे, लिक्विडची कुठे आहे’ हा युक्तिवाद कोर्टात करता येईल. पण त्याच सप्टेंबरात आलेल्या आयातबंदीत रिफिल पॉड, ॲटोमायझर, कार्ट्रिज अशा भागांचाही उल्लेख आहे. पावणेचारशे मिली बेस ‘घरापुरता’ आहे हे पटवून देणं कुणालाही जड जाईल. माझं स्पष्ट मत: ‘हे संपलं की’ नको. आणि विकूही नका, ओळखीच्याला फुकट देऊही नका. तिथे विक्री आणि वाटपाचं मोठं कलम लागतं.

गोखले_रोड

डबा लॉकरमध्ये गेला. मग मोरीत ओतून भरपूर पाणी सोडलं तर? तो म्हणतो निकोटीन पाण्यात विरघळतं, वाहून जाईल.

द्रावण

विरघळतं, म्हणूनच ओतायचं नाही. पाण्यातल्या जिवांना ते विषारी आहे. एकेकाळी निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून फवारत असत. भारतात आता त्याचा वापर बंद आहे, उत्पादन फक्त निर्यातीसाठी होतं. शिवाय ओतताना शिंतोडे उडणार ते तुमच्याच हातावर.

मी असतो तर जुन्या बादलीत कोरडी बारीक रेती घेऊन त्यात ते जिरवलं असतं. एवढ्याला दोन लिटर मापाची रेती पुरे. मग ते घट्ट झाकणाच्या डब्यात.

ओला_सुका

रेतीला माझा विरोध आहे. जिरवायचं म्हणजे बाटली उघडायची, ओतायचं, बादली आणि रिकामी बाटली पुन्हा धुवायची. घरातल्या माणसाला सगळ्यात जास्त धोका त्या दहा मिनिटांत आहे. बंद बाटली बंदच राहू द्या.

असं करा. ड्रॉपरच्या बुचाभोवती इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा. प्रत्येक बाटली वेगळ्या झिप पिशवीत. मग रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या, तळाला चार बोटं लाकडाचा भुसा किंवा मांजराच्या शी-शूसाठी मिळते ती माती (कॅट लिटर), मध्ये बाटल्या उभ्या, आजूबाजूला आणि वर तेच दाबून भरा. काचेची बाटली आत फुटली तरी लिक्विड शोषलं जाईल. झाकणावर टेप. वर जाड मार्करनं मराठीत आणि हिंदीत लिहा: ‘विष. निकोटीन. उघडू नये.’

ही बरणी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. महापालिकेच्या गाडीत कचरा दाबला जातो. त्या दाबाखाली बाटली फुटली की लिक्विड मागे उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर येतं, आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा कापडी मोजे असतात. ते मोजे भिजले की दिवसभर हातालाच. तिथून सुटलं तर पुढे वर्गीकरण केंद्रावरच्या बाया हातानं प्लास्टिक निवडतात.

कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधं हा घरगुती धोकादायक कचरा धरतात. मुंबईत पालिकेनं २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्याची वेगळी उचल सुरू केली, त्यात सोसायटीची नोंदणी करावी लागते. तुमच्या वॉर्डच्या घनकचरा विभागात जाऊन विचारा आणि बरणीत काय आहे ते तोंडी स्पष्ट सांगा, ‘औषध आहे’ एवढ्यावर भागवू नका. जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या, वरच्या कायद्यामुळे. तळोज्याचा धोकादायक कचऱ्याचा प्रकल्प मुख्यतः कारखान्यांसाठी आहे, तिथे एकट्यानं डबा घेऊन जाण्यात अर्थ नाही.

व्हेपचं उपकरण असेल तर त्यातली लिथियम बॅटरी काढून दोन्ही टोकांना टेप लावा आणि ती ई-कचऱ्यात द्या. ती या बरणीत घालू नका, भुशाशेजारी ठिणगी नको.

द्रावण

मान्य. न उघडणं बरं, रेतीचं मागे घेतो.

औषधवाली

आता दिराचं, कारण साठा गेला आणि हातात काही दिलं नाही तर तो खालच्या टपरीवर सिगारेट घेईल.

२ मिग्रॅ गम केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिग्रॅला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढावंसं वाटत असेल तर ४ची गरज असते. १०० मिग्रॅचा बेस पातळ करून वापरणाऱ्यानं रोज किती मिली आणि किती मिग्रॅचं ओढलं ते डॉक्टरांना सांगावं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४च्या वर नाही.

गम फसतो तो दोन कारणांनी. लोक च्युइंगमसारखा भराभर चावतात, निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. चार-सहा वेळा चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. दुसरं कारण कटिंग. चहा, कॉफी, सरबत यांच्या आम्लामुळे तोंडातून निकोटीन शोषलं जात नाही. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नाही.

पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) हवा असेल तर साधारण २१ मिग्रॅचा सहा आठवडे, मग १४चा दोन आठवडे, मग ७चा दोन आठवडे. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

ठेवण्याचं इथेही तेच. पाकिटावर ज्या तापमानाखाली ठेवायला सांगितलंय ते पाळा. मे महिन्यात ओट्याजवळचा किंवा खिडकीचा कप्पा नको. फ्रिजचीही गरज नाही, दमटपणानं गम चिकटतो. स्ट्रिप फोडून डबीत भरून ठेवू नका, पॅचची पुडी लावायच्या वेळीच फाडा. काढलेल्या पॅचमध्येही निकोटीन उरलेलं असतं. चिकट बाजू आत दुमडून पुडीत घालायचा आणि झाकणाच्या डब्यात टाकायचा, जो मुलीच्या हाती लागणार नाही. गमही लॉकरमध्येच, गोळी म्हणून मूल तोंडात घालतं.

तंबाखू सोडण्याचा सरकारी फोन १८००-११-२३५६, फुकट आहे. पहिल्या आठवड्यात तलफ आली की गम काढण्याआधी त्यानं तिथे बोलावं, तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते.